अठरा पट्ट्यांचं बन

कापूस फुटला की माझ्या नाकाला धुराचा वास येऊ लागतो. आसपास धूर कुठंच नसतो. बायको चुलीजवळ जाऊन बघून येते, शेजारी आपला उकिरडा बघून येतात, आणि मग सगळे माझ्याकडे असे पाहतात, जणू म्हातारपण आमच्या ओसरीवर येऊन वहाणा काढतंय. मी पंचेचाळीस वर्षांचा आहे. दात सगळे जागेवर आहेत, आणि मोताळ्याच्या बाजारात पंधरा माणसं जमवून हसवण्याइतका आवाजही आहे. नाक तेवढं दर साली दिवाळीनंतर माझं ऐकेनासं होतं.

यंदाही तसंच झालं. गेल्या आठवड्यात आमच्या वावरात सीतादही केलं. पहिल्या वेचणीच्या दिवशी बायका कापसाच्या एका झाडाला हळदकुंकू वाहतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, आणि मगच कमरेला ओटी बांधून ओळीत शिरतात. ऊन कोवळं होतं. पऱ्हाटीची वाळलेली बोंडं बोटांना ओरबाडत होती आणि बायका शिव्या व गाणी एकाच चालीत म्हणत होत्या. दहीभाताचा घास मी तोंडात घातला, आणि नाकात धूर आला. ओल्या बाभळीचा. तो वास ज्यानं एकदा घेतला त्याला दुसऱ्या कुठल्याच धुराचा संशय येत नाही. आधी थोडा गोडसर असतो, मग डोळ्यांत शिरतो, आणि मग माणूस रडतोय की नुसता धुरानं गळतोय हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही.

मोठी लढाई संपून थोडे दिवस झाले होते तेव्हाची ही गोष्ट. कापसाला असा काही भाव आला, की आमच्या गावात त्या हिवाळ्यात गाद्या चपट्या झाल्या. खोटं सांगत नाही. लोकांनी गाद्या उसवून रुई विकली आणि रिकाम्या खोळी अंगावर घेऊन कुडकुडत झोपले; पण कुडकुडताना हसत होते. ज्वारीच्या वावरात कापूस, तुरीच्या काकरात कापूस, बांधावर कापूस. अंगणातल्या तुळशीला तेवढं सोडलं, ही देवाची कृपा. माणसं एकमेकांना रामराम करायच्या आधी बोंडांची चौकशी करत.

आणि त्याच साली गावात जिन आलं. सरकी एकीकडे आणि रुई एकीकडे करणारा कारखाना. आतापर्यंत आमचा कापूस गाड्यांवरून मलकापूरला जाई. आता मलकापूरच आमच्या दारी आल्यासारखं झालं. पत्र्याची लांब छपरं, आत सरकी काढणाऱ्या रेच्यांची ओळ, आणि मागे विटांच्या कोठडीत बसलेलं इंजन. त्याचा भोंगा पहिल्यांदा वाजला तेव्हा गावातली कुत्री तीन दिवस ओरडली आणि चौथ्या दिवशी गप्प झाली. ती का गप्प झाली याचा विचार तेव्हा कुणी केला नाही. मी तर मुळीच केला नाही. मी त्या जिनात लाकडाच्या काट्यावर कारकून लागलो होतो. वय चोवीस, आवाज मोठा, मिशी बारीक. येईल ते लाकूड तोलायचं आणि भट्टीकडे पाठवायचं, एवढंच काम. उरलेल्या वेळात मी नकला करी. पाटलांचा खोकला, फौजदाराचा घोडा, मॅनेजरचं मराठी. इंजनाची नकल तर अशी साधली होती, की एकदा भट्टीवाला माझा आवाज ऐकून भट्टीकडे धावला होता.

आता बनाबद्दल सांगायला हवं.

गावाच्या खालच्या अंगाला नाला आहे. त्याच्या काठानं तेव्हा बाभळीचं बन होतं. कागदावर पाटलांच्या नावाचं, वापरात गावाचं. श्रावणात त्याच्यावर पिवळी फुलं इतकी येत, की पायाखालची वाट हळदीची होई. उन्हाळ्यात पांढुरक्या शेंगा वाऱ्यानं खुळखुळत. त्या बनाच्या अठरा पट्ट्या पाडलेल्या होत्या. दर वर्षी एकच पट्टी तोडायची, आणि तीही शेंगा झडल्यावर, वैशाखात. आधी त्या पट्टीत धनगराच्या शेळ्या बसवायच्या. शेळ्या शेंगा खात, आणि त्यांच्या पोटातून गेलेलं बी लेंड्यांबरोबर मातीत पडे. तसंच बी बरं उगवतं, कोरडं पेरलेलं हट्टी असतं, असं जुने लोक म्हणत. मग झाडं तोडायची, पाऊस पडायचा, रोपं वर यायची, आणि शेळीच्या तोंडाला पोचणार नाहीत एवढी उंच होईपर्यंत त्या पट्टीत एकही शेळी शिरू द्यायची नाही. अठरा वर्षांनी पुन्हा तिची पाळी. ह्या लाकडातून गावाचं सगळं निघे: गाडीच्या चाकांचे तुंबे आणि आरे, आख, शेतीला वखर, तिफण, डवरा, घरात मुसळ. जे गावाला चालवी ते सगळं त्या बनात उभं असे, आपापल्या पाळीची वाट बघत.

ह्या सगळ्याचा रखवाला म्हणजे सखारामबुवा. गावचे सुतार, आमच्याकडे वाढई म्हणतात. साठीचे, वाळके, एका डोळ्यानं नेहमी लाकडाची धार बघितल्यासारखे बघणारे. पहिला घाव त्यांचा. ते आदल्या संध्याकाळी झाडाला कुऱ्हाड टेकवून ठेवत, सकाळी हळदकुंकू वाहत आणि झाडाशी बोलत. ते बोलणं गावातल्या प्रत्येकानं ऐकलेलं होतं:

"माय, तुह्या काट्यानं आमचं वावर राखलं. आता तुले तोडतो. पाखरू असन त उडून जाय, साप असन त निंगून जाय. तुहं आंग गाडीत जाईन, वखरात जाईन, चुलीत जानार नाही. तुह्या लेकरायले मी राखीन."

मग घाव. त्या घावाशिवाय बनात कुणाची कुऱ्हाड चालत नसे. कायदा नव्हता, पहारा नव्हता. चार वाक्यांचं कुलूप होतं.

जिन सुरू झालं तेव्हा ते एकदा काट्यावर आले. भट्टीकडे बराच वेळ बघत राहिले.

"बाबू, हे तुमचं इंजन खाते काय?"

"लाकूड, बुवा."

"आन देते काय?"

"रुई देते, सरकी देते."

"ते त कापूस देते. इंजन काय देते?"

मी इंजनाची नकल करून दाखवली. काट्यावरची माणसं हसली. बुवाही हसले. पण जाताना म्हणाले, "बाबू, तुह्या काट्यावर लाकूड तोलते. अक्कल तोलाचा काटा कुठी भेटते तेवढं इचारजो तुह्या मॅनेजराले."

सुरुवातीला लाकूड घाटाकडून येई. देऊळघाटाकडचे लोक वाळकी मोळी आणत. महिनाभरात ते म्हणू लागले की आता लांब जावं लागतं, मग म्हणू लागले की फार लांब जावं लागतं, आणि मग यायचेच बंद झाले. मॅनेजरनं मला बोलावून नाल्याकाठच्या बनाबद्दल विचारलं. तुम्ही बोलता छान, तुम्हीच गावाला समजवा, म्हणाला. कुणी माझ्या बोलण्याची तारीफ केली की मी काय वाट्टेल ते करतो. हा माझा तेव्हाचा दोष होता. आत्ताचाही आहे.

चावडीवर देवराव पाटलांनी गाव जमवलं. पाटील भले गृहस्थ. त्यांचा स्वतःचा कापूस जिनाच्या आवारात सगळ्यांत मोठ्या ढिगात पडला होता, एवढंच. मी उभा राहिलो. भाषण करायचं सोडून मी खेळ केला. अठरा माणसं उठवली आणि चावडीसमोर वयानं ओळीत उभी केली. सगळ्यांत म्हातारा ती पिकलेली पट्टी, सगळ्यांत लहान ती यंदा उगवलेली.

"हा म्हातारा राहू द्या," मी म्हणालो. "शेंगा ह्याच्यावर, बी ह्याच्याजवळ. ह्याला हात लावायचा नाही. मधले फक्त दोन घेऊ." मी मधले दोघं हाताला धरून बाहेर काढले. "आता सरका रे जवळजवळ!" सोळा माणसं खांद्याला खांदा लावून सरकली. "सांगा, कुठं फट दिसते?"

फट दिसत नव्हती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाहेर काढलेल्या दोघांनीही वाजवल्या.

बुवा खांबाला टेकून बसले होते. म्हणाले, "फट नाही दिसत, बाबू. पन ओळ आखूड झाली."

त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही, कारण मी त्याच वेळी बाहेर काढलेल्या दोघांपैकी एकाला भट्टीत जाताना कसं वाटेल ते करून दाखवत होतो.

बुवांनी दोन पट्ट्यांसाठी घाव घातला. गाव म्हणतंय तर तोडू, बन गावाचं आहे, म्हणाले. सकाळी मीही गेलो होतो. दव होतं, बाभळीच्या काट्यांवर थेंब अडकलेले होते, आणि पलीकडून भोंगा वाजत होता. बुवा झाडाशी बोलले. बोलून झाल्यावर मागे उभी असलेली मैनाबाई हलक्यानं म्हणाली, "बुवा, चुलीचं राह्यलं."

"राह्यलं नाही व माय. ठेवलं," ते म्हणाले, आणि घाव घातला.

मैनाबाई म्हणजे शेळ्यांची मालकीण. धनगराची बायको, पण धनगर शेळ्यांमागे कमी आणि तंबाखूमागे जास्त, कळप तिचाच. तिशीची असेल तेव्हा. बनातल्या शेंगांवर तिच्या शेळ्यांचा उन्हाळा निघे, आणि तिच्या शेळ्यांवर बनाचा पावसाळा. ती त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. मी तिच्या बोकडाची नकल केली, तरी बोलली नाही.

दोन पट्ट्या इंजनानं किती दिवसांत खाल्ल्या हे मी सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही म्हणाल बाबू वाढवून सांगतो. त्यानंतर पुन्हा गाव जमवायची गरज कुणाला वाटली नाही. घाव तर एकदा झालाच होता, बन उघडलंच होतं, असा लोकांनी अर्थ लावला. तिसरी गेली, चौथी गेली. सहा वर्षांची झाडं, पाच वर्षांची झाडं. भट्टीला वय विचारायची सवय नव्हती. मनगटाएवढ्या फांद्या काट्यावर आल्या, मग अंगठ्याएवढ्या आल्या, आणि मी तोलत गेलो. ओला चीक माझ्या हाताला चिकटे आणि त्यावर हवेतली रुई बसे. संध्याकाळपर्यंत माझे हात म्हाताऱ्याच्या भुवयांसारखे पांढरे केसाळ होत. रुई सगळीकडेच होती. पिण्याच्या पाण्यावर, भाकरीवर, देवळातल्या नंदीच्या पापण्यांवर. गाव आतून धूर आणि वरून रुई असं मुरत होतं, आणि त्या मोसमाइतका आनंद मी आमच्या गावात आधी कधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. लग्नं मोठी झाली. ज्यांनी कधी गूळ मोजल्याशिवाय खाल्ला नव्हता ते साखर खाऊ लागले. मला तर प्रत्येक घरी बोलावणं. बाबू या, बाबू करून दाखवा. बनातून उठलेले बगळे काही दिवस गावावर घिरट्या घालत होते. मी त्यांचीही नकल बसवली होती.

पौषात गाड्या मोडू लागल्या.

आता ह्यातली गंमत बघा. गंमतच म्हणतो, कारण दुसरा शब्द वापरायचा झाला तर हा लेख इथंच थांबवावा लागेल. कापूस वाढला म्हणून गाड्यांच्या खेपा वाढल्या. वावर ते जिन, जिन ते स्टेशन. दुप्पट भरलेल्या गाड्या, तीच जुनी चाकं. आरे तडकले, आख मोडले. मोडलेलं चाक घेऊन माणूस वाढयाकडे जाई, आणि वाढई म्हणे, लाकूड आण. लाकूड कुठं होतं? जिनाच्या भट्टीत. गाडीनं कापूस जिनात न्यायचा, आणि ज्या झाडाची गाडी व्हायची तेच जाळून त्या कापसाची सरकी काढायची! हे वाक्य मी आज लिहितोय. तेव्हा मला एवढंच दिसलं, की बुवांच्या झोपडीसमोर मोडक्या चाकांची रांग लागलीय आणि तिच्यात काहीतरी विनोदी आहे. बुवांनी आधी आपल्या बाजेचे पाय कापून आरे केले. मग दाराची चौकट काढली. मी विचारलं, "बुवा, दार कुठं गेलं?" ते म्हणाले, "शेवग्याच्या वावरातून कापूस घेऊन येऊन राह्यलं. येईन आता."

माघ उजाडला तेव्हा सतरा पट्ट्या संपल्या होत्या. नाल्याच्या वळणावर ती एक उभी होती, पिकलेली. अठरावी. तिच्यावर हिरव्या शेंगा लागल्या होत्या. सगळ्या बनाचं बी आता तेवढ्यात होतं, आणि ते पिकायला तीन महिने होते.

एका सकाळी भोंगा वाजला नाही.

ती शांतता ज्यांनी ऐकली ते ती विसरले नसतील. लोक घराबाहेर येऊन उभे राहिले. जिनाच्या आवारात कापसाचे ढीग पत्र्याला टेकले होते, आणि त्यांच्याकडे बघताना प्रथमच माणसांच्या लक्षात आलं, की एक ठिणगी पडली किंवा एक अवकाळी सर आली तर त्याचं काय होईल. मॅनेजर म्हणाला, लाकूड द्या. नाहीतर मी कुलूप लावतो, तुम्ही आपला कापूस भरून मलकापूरला न्या. कशात भरून? निम्म्या गावच्या गाड्या बुवांच्या दारात लंगड्या पडल्या होत्या.

सगळं गाव अठराव्या पट्टीशी गोळा झालं. मैनाबाई शेळ्या घेऊन आधीच तिथं उभी होती. बुवा एका झाडाला टेकून बसले होते, आणि त्यांच्या मांडीवर कुऱ्हाड होती.

"तीन महिने," ते म्हणाले. "वैशाखात शेंगा झडतीन. मैनाच्या शेळ्या बसू द्या दहा दिवस. मंग तोडा. मी सोता तोडतो. सगळी देतो तुमच्या इंजनाले, मले एक आख नोको. पन बी पडू द्या."

"तीन महिने कापूस थांबते काय, बुवा?" पाटील म्हणाले.

"बी तरी काऊन घाई करीन, पाटील?"

"लोकायचं सालभराचं पीक आवारात पडून हाये. जिन उठून गेलं त?"

"जिनाले पाय हायेत. ते जाईन. आपल्याले कुठी जा लागते?"

पाटील पायाखालच्या मातीकडे बघू लागले. खरं सांगतो, लोक माघारी फिरण्याच्या बेतात होते. मागच्या रांगेतले दोघंतिघं वळलेही होते. बुवा घाव घालणार नव्हते, आणि घावाशिवाय कुणाचा हात उठणार नव्हता. गावानं मनातल्या मनात मलकापूरच्या वाटेचा, उसन्या गाड्यांचा, थोड्या नुकसानीचा हिशेब सुरू केला होता. अजून दोन क्षण गेले असते तर त्या शेंगा पिकल्या असत्या.

पण ती शांतता मला सहन झाली नाही. गर्दी गप्प झाली की मला अजूनही तसंच होतं. कुणीतरी माझ्या ओळीची वाट बघतंय असं वाटतं. मी एकाच्या हातातली कुऱ्हाड घेतली, पाठ वाकवली, एक डोळा बारीक केला, आणि बुवांच्या आवाजात, हुबेहूब, बाभळीला म्हणालो:

"माय, तुह्या काट्यानं वावर राखलं. आता तुले तोडतो. पाखरू असन त उडून जाय, साप असन त मॅनेजराच्या खोलीत जाय. तुहं आंग इंजनात जाईन, धूर होऊन मुंबईले जाईन. टिकीट लागनार नाही!"

आधी एक हसला. मग पाटील हसले, आणि पाटील हसल्यावर सगळं गाव हसलं. इतके दिवस पोटात धरून ठेवलेलं काहीतरी सुटलं. माणसं एकमेकांच्या खांद्यावर डोकी टेकून हसत होती. मी त्या हशात वर उचललेली कुऱ्हाड खाली आणली. ती झाडात नीट बसलीही नाही, सालीत अडकली. पण घाव झाला. कुणावर वीज पडली नाही, कुणाच्या तोंडाला फेस आला नाही. शंभर वर्षं जे कुलूप होतं ते हशानं उघडलं, आणि आत कुणीच राहत नाही हे सगळ्यांनी पाहिलं. पाठोपाठ वीसपंचवीस कुऱ्हाडी पडू लागल्या.

बुवा उठले. माझ्याजवळ आले. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मस्त केलं, बाबू," ते म्हणाले. "आवाज त माह्याच काढला. एक इसरला."

"काय, बुवा?"

"लेकरायचं."

आणि निघून गेले. मी खरंच विसरलो होतो. विनोदात ते वाक्य बसत नव्हतं.

संध्याकाळी भोंगा वाजला. होळीपर्यंत मोसम चालला आणि सगळ्यांच्या कापसाची सरकी निघाली. कुणाचं काही बुडालं नाही, हे मुद्दाम लिहून ठेवतो. मैनाबाईनं खाली पडलेल्या हिरव्या शेंगा गोळा करून शेळ्यांना घातल्या, लेंड्या वाळवल्या, पावसाच्या आधी सगळ्या रानात फेकल्या. एकही रोप आलं नाही. कच्चं बी होतं ते. चैत्रात बुवा आपली हत्यारं घेऊन सुलतानपूरला बहिणीकडे गेले आणि परत आले नाहीत. पुढच्या साली जिनही गेलं, आगगाडीच्या जवळ, जिथं दगडी कोळसा येतो तिथं.

लोक म्हणतात, काय बिघडलं? आणि त्यांचं अगदीच खोटं नाही. लोखंडी आख आले, लोखंडी नांगर आले. लाकूड बाहेरून येतं. जे इथं संपलं ते तिकडून येतं. तिकडचं संपल्यावर त्याच्या पलीकडून येत असेल. दगडी कोळसाही जमिनीतून खणून काढतात म्हणे. म्हणजे तीही कुणाची तरी पट्टीच, फक्त तिच्यात शेळ्या बसवता येत नाहीत. बनाच्या जागी आता पाण्याच्या कडेपर्यंत पऱ्हाटी आहे. दर पावसाळ्यात नाला काठाचा एक घास घेतो, आणि दर उन्हाळ्यात लोक म्हणतात, नाला रुंद झाला. वावर अरुंद झालं असं म्हणत नाहीत. मी कधीकधी तिथं उभा राहून ओळीत फट शोधतो. फट नसते. ओळच नसते.

आणि आता यंदा, पुन्हा भाव. देवराव पाटलांचा मुलगा आता पाटील आहे. गायरान नांगरून कापूस लावायचा विचार त्यानं काढला. गावची गुरं जिथं चरतात ती माळाची शेवटची मोकळी जमीन. सगळी नको, म्हणाला, चौथा हिस्सा फक्त.

सीतादहीच्या दुसऱ्या दिवशी मैनाबाई माझ्या ओसरीवर आली. पन्नाशी उलटलीय तिची. त्या बाभळीच्या दिवसानंतर ती माझ्या दारी पहिल्यांदा आली. पाणी घेतलं नाही. बसलीही नाही.

"सोमवारी चावडीवर गायरानाचं हाये. तू बोलजो."

"मैनाबाई, माझं आता कोण ऐकतंय?"

"तुह्या तोंडानं बन गेलं, बाबू. आता त्याच तोंडानं गायरान वाचव. तुले दुसरं तोंड मी कुठून आनू?"

मी तीन दिवस तयारी केली. गोठ्यात बैलासमोर उभा राहून बोललो. एकही नकल घातली नाही, एकही गंमत नाही. साधं, सरळ. बैलानं शेवटपर्यंत ऐकलं.

सोमवारी चावडी भरली होती. मी उठलो. उठल्याबरोबर मागून कुणी तरी खुदकन हसलं.

"गायरान नांगरलं तर बैल काय खातील?" मी म्हणालो.

हशा पिकला.

"बैल उपाशी राहिले तर तुमची पऱ्हाटी डवरणार कोण?"

त्याहून मोठा हशा. एकानं मांडीवर थाप मारली. "वाढयाची नकल करा, बाबू!" कुणी ओरडलं. ज्यांनी बुवांना कधी पाहिलं नव्हतं त्यांनाही ती नकल ठाऊक होती.

"अरे, मी गंमत करत नाही!"

हे वाक्य मी आयुष्यभर प्रत्येक गमतीच्या आधी वापरत आलो आहे. चावडीचे पत्रे उडायची वेळ आली. माणसांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मी ओरडलो, हात जोडले, शेवटी माझा आवाज फाटला. आणि फाटलेल्या आवाजाला तर त्यांनी टाळ्या दिल्या.

पाटलानं उपरण्यानं डोळे पुसले. "वा, बाबूकाका! लय दिवसानं मजा आली. बसा आता, कामाचं बोलू द्या."

मी बसलो.

मैनाबाई पायरीशी उभी होती. हशा ओसरायची तिनं वाट पाहिली.

"नांगर कवा लागते, पाटील?"

"काऊन व माय?"

"सांगून ठेवा. शेळ्या बाजारात न्या लागतीन."

"हप्ताभरानं," पाटील म्हणाला.

तिनं मान हलवली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि उन्हात निघून गेली. शेजारचा कुणीतरी अजून हसत हसत माझी पाठ थोपटत होता.